मानधनी सेवाकर्मी (बेळगाव सीमाभाग)

अंगणवाडी कार्यकर्त्या, त्यांच्या मदतनीस, गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणजे आशा, आणि सरकारी शाळांत दुपारचे जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकी महिला. या सगळ्या सरकारी योजनांचे काम करतात, पण सरकारी नोकरांत मोडत नाहीत. त्यांना वेतनश्रेणी नाही. दरमहा ठरावीक मानधन किंवा कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांतल्या मराठी गावांत, तसेच चिकोडी आणि हुक्केरीच्या काही भागांत सरकारचा लहान मुलांशी आणि बाळंतिणींशी रोजचा संबंध येतो तो यांच्याच मार्फत.

अंगणवाड्यांची एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूर इथला. योजना आखताना कल्पना अशी होती, की गावातलीच बाई फावल्या वेळात थोडी समाजसेवा करील आणि तिला मान म्हणून काही रक्कम द्यावी. फावला वेळ कधीच संपला, रकमेमागचा विचार मात्र तोच राहिला. आज सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार, वजन-उंचीच्या नोंदी, शाळापूर्व शिक्षण, गरोदर व स्तनदा मातांचे दुपारचे जेवण (कर्नाटकात 2017 पासून 'मातृपूर्ण' या नावाने) आणि 2021 पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये रोजची माहिती भरणे, एवढे सगळे एका कार्यकर्तीकडे असते. शिवाय निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे येतात ती वेगळीच. मदतनीस सकाळी मुले गोळा करते, केंद्र झाडते, शिजवते, वाढते आणि भांडी घासते. आहारातली अंडी अंगणवाडीच्या बाल विकास समितीच्या खात्यातल्या पैशांतून बाजारातून आणायची असतात. बाजारभाव चढला आणि सरकारी दर जागच्या जागी राहिला, की फरक कार्यकर्तीच्या पदराला पडतो, ही कर्नाटकभरातली जुनी तक्रार आहे.

मानधनाचे पैसे दोन तिजोऱ्यांतून येतात. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून कार्यकर्तीसाठी 4500, लहान वस्तीवरच्या मिनी अंगणवाडीच्या कार्यकर्तीसाठी 3500 आणि मदतनिसासाठी 2250 रुपये दर ठरवला. हा खर्च केंद्र आणि राज्याने 60:40 असा वाटून घ्यायचा असतो. म्हणजे 4500 पैकी दिल्लीहून येणार 2700 रुपये, बाकीचे 1800 राज्याचे. त्याच्या वर जी भर पडते ती सगळी राज्याची. 2018 नंतर डाळ, तेल, गॅस कुठे गेले ते सांगायला नको. केंद्राचा दर पुढची कित्येक वर्षे तिथेच होता. त्यामुळे मानधन वाढवायचे तर राज्याच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावण्यावाचून गत्यंतर नसते. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने कार्यकर्तीला 15 हजार आणि मिनी अंगणवाडीत 10 हजार देण्याचे आश्वासन दिले होते. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात वाढ झाली ती कार्यकर्तीसाठी 1000 आणि मदतनिसासाठी 750 रुपयांची.

कायद्याच्या बाजूनेही कर्नाटकाचे नाव या विषयाशी कायमचे जोडले गेले आहे. 'कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये अंगणवाडी कार्यकर्त्या नागरी पदावर, म्हणजे सरकारी नोकरीत, नाहीत असा निकाल दिला. ही पदे कोणत्याही कायद्याने निर्माण झालेली नाहीत आणि सरकारी नोकरांना न लढवता येणारी निवडणूकही त्या लढवू शकतात, असे मुद्दे त्यात होते. पुढची अनेक वर्षे कुठल्याही मागणीला सरकारी वकिलाकडे हे एकच उत्तर तयार असे. मे 2013 मध्ये 45 व्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली, पण ती कागदावरच राहिली. खरा बदल एप्रिल 2022 मध्ये झाला. गुजरातमधल्या मणिबेन भारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यकर्त्या आणि मदतनीस यांना 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असे ठरवले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर जबाबदाऱ्या टाकल्या, तेव्हा हे काम आता निव्वळ स्वयंसेवा उरलेले नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. कर्नाटकात तरीही ग्रॅच्युइटी आपसूक मिळाली नाही. जानेवारी 2023 मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत मुक्काम ठोकून बसल्यावरच सरकारने ती मान्य केली. त्याआधी निवृत्त होऊन घरी बसलेल्यांना ती द्यावी, ही मागणी त्यानंतरही चालू राहिली.

सीमाभागात या दोन तिजोऱ्यांचा खेळ उघड दिसतो. बाची हे बेळगाव तालुक्यातले गाव ओलांडले, की लगेच चंदगड तालुक्यातली शिनोळी लागते. निपाणीच्या पलीकडे कागल. सोयरीक आरपार, बाजार एक, दोन्हीकडच्या मुलांच्या तोंडी तीच बडबडगीते. केंद्राचा 4500 चा दर दोन्हीकडे सारखा, राज्याची भर मात्र वेगळी. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी 4 डिसेंबर 2023 पासून सुमारे 52 दिवस संप केला आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथले मानधन वाढले. त्या वाढीची चर्चा कर्नाटकाकडच्या गावांत होणारच. कर्नाटकातल्या ज्या 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये आरोग्य योजना जाहीर केली, त्यावर कर्नाटकाने आक्षेपही घेतला. पण ती उपचारांपुरती आहे, कर्मचाऱ्यांच्या मानधनाशी तिचा संबंध नाही. सीमाप्रश्नाच्या भाषणांत या बायांचा पगार क्वचितच येतो.

भाषेचा भार मात्र रोजचा आहे. खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातले मूल अंगणवाडीत येते ते मराठी बोलत. नोंदवह्या, परिपत्रके आणि प्रशिक्षण कन्नडमध्ये. कार्यकर्ती गावातलीच असावी असा दंडक असल्याने ती बहुधा मराठीच. भरतीतल्या कन्नडच्या अटीवरून मराठी गावांत नाराजी दिसते. मुलांना गोष्ट मराठीत सांगायची आणि त्याचा अहवाल कन्नडमध्ये लिहायचा, या दुहेरी कामाला कुठल्याच दरपत्रकात जागा नाही.

आशांचे गणित आणखी वेगळे आहे. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या कार्यकर्त्यांना लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणे, क्षयरुग्णांची औषधे अशा कामांमागे रक्कम मिळते आणि तिच्या जोडीला राज्य ठरावीक मानधन देते. दर अंतर मोजत नाही. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी-आमगावसारख्या वस्त्यांत पावसाळ्यात ओढे भरले, की गरोदर बाईला रस्त्यापर्यंत आणणे हेच दिवसभराचे काम होते. नोंदीत ते बेळगाव शहरातल्या शहापूरच्या गल्लीतल्या फेरीएवढेच. 7 जानेवारी 2025 पासून राज्यभरातल्या आशा बेंगळुरूत धरणे धरून बसल्या, आणि चार दिवसांनी एप्रिलपासून महिन्याला किमान 10 हजार देण्याच्या मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर उठल्या.

एरवी बेंगळुरू गाठायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. डिसेंबरात मात्र सरकारच बेळगावला येते. 2012 मध्ये उद्‌घाटन झालेल्या हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, आणि कोंडसकोप्प परिसरात आंदोलकांसाठी मंडप पडतात. ऊस उत्पादक, अतिथी शिक्षक आणि मानधनी महिला आळीपाळीने तिथे बसतात. एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या मराठी संघटनांच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार की नाही, हा वाद त्याच दिवसांत रंगतो आणि वर्तमानपत्राचे पहिले पान बहुतेक तोच घेतो.

सर्वांत कमी मिळते ते स्वयंपाकी महिलांना. मध्यान्ह आहारासाठी केंद्राने 2009 मध्ये महिना 1000 रुपये दर ठरवला, तोही वर्षातल्या दहाच महिन्यांसाठी. कर्नाटकात 'अक्षर दासोह' योजनेत राज्य त्यात भर घालते, 2025 च्या अर्थसंकल्पात ती आणखी 1000 रुपयांनी वाढली. शाळेला सुट्टी लागली, की चुलीबरोबर मानधनही बंद होते.