टायटल साँग, आखाजी आणि बेंजो

29 एप्रिल 2016ला ‘सैराट’ आला आणि 9 मेला आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया होती. माहेरवाशिणी ‘सैराट झालं जी’ गुणगुणतच घरी आल्या. निंबाला झोके, ओट्यावर पत्त्यांचे डाव, आणि ज्या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत वाद्यवृंद बसवला होता, त्याचं गाणं मोबाइलच्या चिरक्या स्पीकरवर! सिनेमा करमाळ्याकडचा. तरी खान्देशाला ते परकं वाटलं नाही, याचं कारण झोक्यावरच सापडतं.

टायटल साँगला नाव डोक्यात बसवायचं असतं. आखाजीची गाणी हेच करत आली. ‘आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वो’: इकडची कैरी, तिकडची कैरी, आणि तिसऱ्या कैरीला झोका पार वर. शेवटचा ‘वो’ लांबवेपर्यंत तो परत येतो. ‘झालं जी’मधला ‘जी’ मला तमाशातल्या झिलकऱ्यांचा, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांचा वाटतो. आमच्या बायांकडे ती जागा ‘वो’ची.

देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. आसोद्याच्या बहिणाबाई 1951मध्ये गेल्या, 1952मध्ये त्यांची गाणी छापली गेली, आणि 1961च्या ‘मानिनी’त वसंत पवारांच्या चालीवर सुमन कल्याणपूर यांनी ‘अरे संसार संसार’ गायलं. जात्यावरची ओवी थिएटरात पोचली. उलट दिशेनं सिनेमाच्या चाली श्रावणात कानबाईच्या रात्री आल्या. शब्द देवीचे, चाल गेल्या वर्षीच्या हिट गाण्याची. म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, पण टाळी बरोबर धरायच्या.

कॅसेटच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अहिराणी गाणी एसटी स्टँडजवळच्या दुकानात मिळत. खरा पालट यूट्यूबनं केला. आता शेतात, बांधावर शूटिंग करून पोरं अहिराणी गाणी काढतात. ‘हाई झुमका वाली पोर’ अहिराणी न कळणारेही हळदीत नाचून म्हणतात. गंमत अशी, की यातल्या बहुतेकांमागे सिनेमाच नाही. टायटल आहे, साँग आहे, पिक्चर नाही.

वरातीत बेंजोवाल्याला त्याचं काहीच अडत नाही. नवं गाणं आलं की तो मोबाइल कानाला लावतो, पहिली ओळ तेवढी बोटांत बसवतो. अंतऱ्याला बोटं चाचपडली तर ढोलवाला जोर वाढवतो, आणि नाचणारे पुन्हा पहिली ओळच मागतात.