दहाव्या वॉर्डातली बाळं

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला दहावा वॉर्ड १८९० च्या सुमारास शहरातला सगळ्यात गच्च भरलेला भाग होता. एकरी पाचशेहून जास्त माणसं. पंचवीस फूट रुंदीच्या जागेवर पाच-सहा मजले चढवायचे, मजल्यावर चार बिऱ्हाडं, मधल्या खोल्यांना उजेड मिळणार तो दोन इमारतींमधल्या फटीतून, आणि त्या फटीत लोक वरून कचरा टाकणार. संडास सामायिक. इथे राहणारे बहुतेक जण रशियन साम्राज्यातून आलेले गरीब ज्यू: शिंपी, फेरीवाले, शिवणाच्या कारखान्यांतले मजूर. १८९२ मध्ये ‘मसिलिया’ या जहाजातून आलेल्या ज्यू निर्वासितांमध्ये टायफस (उवांमधून पसरणारा घातक ताप) निघाला, तेव्हा तर ‘हे लोक रोगराई घेऊन येतात’ असं उघड बोललं जाऊ लागलं.

मृत्यूच्या नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. इतकी गर्दी असूनही या वॉर्डाचा मृत्युदर शहराच्या सरासरीपेक्षा कमी होता, आणि तेवढ्याच गरीब असलेल्या शेजारच्या इटालियन वस्तीपेक्षा तर बराच कमी.

जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरने हा विषय आकड्यांत मांडला. १८९० मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या १०,६१८ ज्यू कुटुंबांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मृत्युदर निघाला हजारी ७.११, म्हणजे इतर लोकांच्या जवळजवळ निम्मा. हा आकडा पुढे फार मिरवला गेला. मला तो फारसा भरवशाचा वाटत नाही. माहिती देणारी कुटुंबं बहुतांश जुनी, सुस्थितीतली, घरात मोलकरीण ठेवणारी होती. दहाव्या वॉर्डाशी त्यांचा काय संबंध? शिवाय हजारी मृत्युदर फसवा असतो. स्थलांतर करतात ती तरुण माणसं, म्हातारे मागे राहतात. अशा वस्तीत मरणं कमी दिसणारच, मग तिथलं पाणी कसंही असो.

म्हणून बघायचं ते बालमृत्यूकडे. एक वर्षाच्या आत किती बाळं दगावली, या प्रश्नावर वस्तीतल्या तरुण-म्हाताऱ्यांच्या प्रमाणाचा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ब्युरो या सरकारी खात्याने १९११ ते १९१५ मधल्या जन्मांची आठ शहरांत घरोघरी जाऊन चौकशी केली. बाल्टिमोर हे त्यातलं सगळ्यात मोठं शहर. आठही शहरं मिळून एकूण बालमृत्युदर निघाला हजार जन्मांमागे १११.२. पोलिश आयांच्या बाळांमध्ये तो दीडशेच्या वर होता, ज्यू आयांच्या बाळांमध्ये ५३.५. याच पाहणीत बापाच्या कमाईनुसारही हिशेब आहे. वर्षाला ४५० डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्यांच्या घरी १६६.९, तर १,२५० डॉलर किंवा जास्त मिळवणाऱ्यांच्या घरी ५९.१. म्हणजे सगळ्या थरांतली ज्यू बाळं एकत्र धरली, तरी ती सर्वांत कमावत्या गटातल्या बाळांपेक्षा किंचित जास्तच सुरक्षित होती.

हे कसं झालं? त्या काळी बाळं मरायची ती मुख्यतः उन्हाळ्यातल्या हगवणीने. दूध खेड्यातून मोठ्या कॅनमधून यायचं, दुकानात कॅन उघडा, त्यातून डावाने मापून द्यायचे. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात त्या दुधात काय वाढत असेल ते सांगायला नको. वरच्या दुधावरच्या बाळांचा मृत्युदर अंगावरच्या बाळांच्या तीन-चार पट होता. ज्यू आया बराच काळ अंगावर पाजत, त्यामुळे बाळ या संकटातून सुटत असे.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. पोलिश आयाही अंगावर पाजतच होत्या, तरी त्यांची बाळं मोठ्या संख्येने गेली.

मग नजर जाते ती घरातल्या रीतींकडे. भाकरी-पाव खाण्याआधी हात धुणं हा ज्यूंचा धार्मिक नियम आहे. दोन कानांच्या भांड्यातून आधी एका हातावर, मग दुसऱ्या हातावर पाणी ओतायचं. साबण नाही, जंतूंचा विचार तर नाहीच. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याला जशी आरोग्याची कारणं मागाहून चिकटवली जातात, तसं इथेही करू नये. पण हेतू काहीही असला तरी हात दिवसातून अनेकदा पाण्याखाली जायचे. शुक्रवारी शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) आधी घर घासूनपुसून काढायचं, दूध आणि मांसाची भांडी वेगळी ठेवायची. दारूचं व्यसन कमी, त्यामुळे बापाची कमाई घरी पोचायची. लग्न झालेल्या बायका कारखान्यात क्वचित जात; घरीच बसून कपड्यांची हातशिलाई करत किंवा खोलीत भाडेकरू ठेवत. बाळाला आई दिवसभर हाताशी मिळणं ही छोटी गोष्ट नव्हे.

हे सगळं न्यूयॉर्कला येऊन शिकलेलं नव्हतं. रशियातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यूंचा बालमृत्युदर ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या निम्म्याहून कमी होता. रशियन शेतकरीण ऐन सुगीत शेतावर जायची आणि तान्ह्याच्या तोंडात चघळलेल्या पावाची फडक्यात बांधलेली चोखणी देऊन जायची. उन्हाळ्यात ती चोखणी काही तासांत आंबायची. गावाच्या बाजारपेठेत राहणाऱ्या ज्यू बाईला शेत नव्हतं, सुगीही नव्हती.

त्या काळच्या काही डॉक्टरांनी ‘वंशाची चिवट प्रकृती’ असं सोपं उत्तर दिलं. ते टिकलं नाही. १९१० च्या जनगणनेत बायकांना किती मुलं झाली, त्यातली किती हयात आहेत आणि मातृभाषा कोणती, हे विचारलं होतं. लोकसंख्येचे अभ्यासक सॅम्युअल प्रेस्टन आणि सहकाऱ्यांनी पुढे त्या नोंदी पुन्हा तपासल्या. उत्पन्न, साक्षरता, शहर यांचा परिणाम वजा केल्यावरही यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या आयांची मुलं जास्त जगलेली दिसली, म्हणजे काही भाग रोजच्या संगोपनात होता. आणि संगोपन शिकता येतं, दूध शुद्ध करता येतं. नेथन स्ट्रॉस या ज्यू व्यापाऱ्याने १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइडच्या धक्क्यावर पाश्चराइज केलेल्या स्वस्त दुधाचं आपलं पहिलं केंद्र उघडलं. पुढच्या काही दशकांत शुद्ध दूध शहरभर पोचलं, तसा इतर वस्त्यांचा बालमृत्युदर झपाट्याने खाली आला आणि ज्यू वस्तीशी असलेलं अंतर कमी होत गेलं.