गल्लीचा कोपरा किती गोल हवा?

गल्लीत अपघात झाला की पहिली मागणी येते गतिरोधकाची आणि दुसरी रस्तारुंदीची. रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्याला रुंदीचा उपयोग नाही. त्याचं सगळं अवलंबून असतं गाडीच्या वेगावर, आणि वस्तीत हा वेग बराचसा ठरतो तो कोपऱ्यावर.

मुख्य रस्त्यावरून गाडी डावीकडे गल्लीत वळते. तिथे पदपथाची कड गोल असते, त्या गोलाईची त्रिज्या r धरू. शाळेत शिकलोय की वर्तुळाकार मार्गावर v वेगाने जाणाऱ्या वस्तूचं केंद्राकडे जाणारं त्वरण असतं v²/r. वळताना अंग एका बाजूला झुकतं ते यामुळेच. हा झोक फार वाढला की चालक आपोआप वेग कमी करतो, त्याला कुणी पाटी दाखवावी लागत नाही. सोसवणारी मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या पावपट, म्हणजे सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरली, तर ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग येतो ताशी १० किलोमीटरच्या आसपास. तोच कोपरा १२ मीटर त्रिज्येचा केला तर ताशी २०. या हिशेबात वस्तुमान कुठेच नाही, म्हणून स्कूटर असो की मोटार, नियम एकच.

आता खरी गंमत बघा. त्वरणाची मर्यादा ठरलेली असेल तर v² हा r च्या समप्रमाणात वाढतो. गतिज ऊर्जाही v² च्या समप्रमाणात असते. म्हणजे गाडीची ऊर्जा थेट त्रिज्येच्या प्रमाणात वाढते! कोपरा चौपट गोल केला की चौपट ऊर्जा. शिवाय ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ताशी १० ला पावणेतीन मीटर जाते, ताशी २० ला साडेपाच. आणि गोलाई वाढली की रस्ता ओलांडायचं अंतरही वाढतं, म्हणजे आजोबांना जास्त वेळ गाडीसमोर राहावं लागतं.

‘मग अग्निशमनाचा बंब कसा वळणार?’ हा अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात थोडा उंच, खडबडीत दगडी पट्टा. मोटार त्याला टाळते, बंबाची मागची चाकं त्यावरून जातात.

पण कोणता कोपरा आधी? इथे रहिवाशांवाचून पर्याय नाही. पोलिसांकडे नोंद होते ती घडलेल्या अपघाताची. थोडक्यात टळलेले अपघात कागदावर येत नाहीत, ते ठाऊक असतात कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, घंटागाडीवाल्यांना, शाळेत मुलं सोडणाऱ्या आयांना. दोन सोसायट्यांमधल्या भिंतीत एक वाट उघडली तर मुलांचा मुख्य रस्त्यावरचा फेरा वाचेल, हेही तेच सांगू शकतात, नकाशावर ती भिंत नुसती रेघ असते.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६०च्या दशकाच्या अखेरीस रहिवासी आणि पालिकेच्या अभियंत्यांनी मिळून वस्तीतले रस्ते असे आखले की गाडीला सरळ सुसाट जाताच येऊ नये: झाडं मध्ये घेतली, वळणं घातली, पदपथाची वेगळी पातळी काढून टाकली. १९७१ साली त्या देशात वाहतुकीने ४००हून अधिक मुलं मारली, आणि संतापलेले आईबाप रस्त्यावर उतरले. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना, त्यांच्या भाषेत ‘वोनएर्फ’ना, कायद्याची मान्यता मिळाली.

आपल्याकडे मात्र अपघाताच्या जागेला ‘बाधित’ ठरवून लिंबं टांगली जातात. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर अपघात टळावेत म्हणून ‘महामृत्युंजय यंत्र’ बसवल्याची बातमी आली होती. v²/r ला मंत्र कळत नाही, आणि माणसं वाचवायच्या वेळेत आपण हे करतो याचं मला फार वाईट वाटतं.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात प्रभागातली छोटी कामं सुचवायची सोय दिली आहे. तिथे नुसतं ‘गतिरोधक हवा’ लिहू नका. आधी कोपरा टेपने मोजा. मग पालिकेकडून परवानगी घेऊन रंग आणि शंकूंनी आठवडाभर तो अरुंद करून बघा, टँकर वळतो का, रिक्षा कुठे थांबतात, शाळा सुटताना काय होतं हे टिपून ठेवा, आणि अर्जात त्रिज्या मीटरमध्ये लिहा.