किलिमांजारोच्या अनवट वाटा: गर्दी कुठून आली, निवांतपणा कुठे उरला

टांझानियातल्या किलिमांजारोचा माथा ५,८९५ मीटरवर आहे. तिथे जायला आज मरांगू, मचामे, लेमोशो, शिरा, उंब्वे आणि रोंगाई या वाटा आहेत, शिवाय उत्तरेकडून लांबलचक वळसा घालणारी नॉर्दर्न सर्किट. मोसमात मचामे-लेमोशोच्या मुक्कामांवर तंबूंचं गावच वसतं, मरांगूच्या झोपड्या भरून वाहतात. त्याच आठवड्यात उत्तरेच्या अंगाला मात्र दिवसभरात दोन-चार गट दिसले तरी पुष्कळ. डोंगर एकच, मग गर्दी एकाच बाजूला का, याचं उत्तर पाऊस, मिशनरी, सीमावाद आणि परमिटच्या हिशोबात आहे.

पावसापासून सुरुवात करू. डोंगराची दक्षिण बाजू ओली, उत्तर बाजू पर्जन्यछायेतली. दक्षिण उतारावर चाग्गा लोकांनी केळीच्या बागा फुलवल्या, वरच्या झऱ्यांचं पाणी पाटांनी शेतापर्यंत आणलं. वस्ती इथे, म्हणून बाहेरून येणारेही इथेच आले. योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने १८४८ साली डोंगराच्या डोक्यावर बर्फ पाहिलं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ कसलं, म्हणून लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी त्याची टर उडवली.

१८८९ मध्ये हान्स मेयर आला तोही याच बाजूने. त्याची ही तिसरी खेप होती. मरांगूचा प्रमुख मारेआले याने त्याला आसरा दिला, माणसं दिली. सोबत ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर होता. मेयरचं खरं शहाणपण दिसतं ते मुक्कामांच्या आखणीत. १८८७ च्या पहिल्या खेपेत बर्फाने अडवल्यामुळे त्याला माघार घ्यावी लागली होती आणि १८८८ ची दुसरी मोहीम किनाऱ्याकडच्या बंडामुळे डोंगरापर्यंत पोचलीच नव्हती. या वेळी त्याने टप्प्याटप्प्यावर तळ टाकले आणि खालून नियमित शिधा वर येईल अशी सोय केली. वरच्या तळावर मुइनी अमानी हा पांगानीचा माणूस त्या थंडीत मुक्काम करून राहिला. ३ ऑक्टोबरला दोघे विवराच्या कडेपर्यंत गेले आणि बर्फात पायऱ्या खोदून थकल्याने परतले. तळ जवळच असल्यामुळे थोडी विश्रांती घेऊन पुन्हा निघता आलं आणि ६ ऑक्टोबरला माथा सर झाला. उंचीवर जास्त दिवस काढले की शरीर सरावतं, हे त्याच्या मोहिमेत आपसूक घडलं. आजच्या वाटांची तुलना करतानाही सगळ्यात आधी हेच बघावं लागतं.

मेयरची बाजू तीच पुढे मरांगूची वाट झाली. जर्मन अमदानीत पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिथे बिस्मार्क आणि पीटर्स या नावांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांना मंडारा आणि होरोंबो या चाग्गा प्रमुखांची नावं मिळाली. १९३२ मध्ये किबो हट बांधली गेली. डोक्यावर छप्पर, झोपायला बंक, वाट रुळलेली; नवख्या माणसाला आणखी काय हवं? झोपड्यांमध्ये शीतपेय विकत मिळायचं म्हणून या वाटेला 'कोका-कोला रूट' हे नाव चिकटलं. चढायची आणि उतरायची वाट एकच असल्याने वर जाणाऱ्यांना खाली येणारे सतत आडवे येतात. गर्दी असते त्याहून दुप्पट वाटते ती त्यामुळेच.

राष्ट्रीय उद्यान १९७३ मध्ये जाहीर झालं आणि १९७७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. १९९१ पासून परवानाधारक गाईडशिवाय चढायला बंदी आली. आपण शिधा पाठीवर टाकून एकटेच निघालो, हा प्रकार तिथे संपला. उद्यानाचं शुल्क दिवसावारी आकारलं जातं, त्यात भर गाईड, पोर्टर, स्वयंपाकी यांच्या रोजंदारीची. म्हणजे वाट जितकी लांब तितका खिसा रिकामा. स्वस्तात माथा गाठून देऊ म्हणणाऱ्या कंपन्यांनी साहजिकच पाच-सहा दिवसांच्या वाटा खपवल्या आणि गर्दी तिथे साचली. माझ्या मते गर्दीचं सगळ्यात मोठं कारण हेच. देखावा, झोपड्या वगैरे त्यानंतर.

मरांगूला कंटाळलेले लोक मचामेकडे वळले. ही वाट अवघड, तंबूत राहायचं, म्हणून तिला गमतीने 'व्हिस्की रूट' म्हणू लागले. तिचा मोठा गुण म्हणजे लाव्हा टॉवर या कातळसुळक्याचा दिवस. सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला चारेक हजार मीटरवरच्या बारांकोला उतरायचं. उंच चढा, खाली झोपा, हे तत्त्व इथे वाटेतच गुंफलेलं आहे. माथा गाठणाऱ्यांचं प्रमाण चांगलं निघालं, बोलबाला झाला आणि मरांगूची गर्दी मचामेने ओढून घेतली.

मग पश्चिमेकडची लेमोशो पुढे आली. जुनी शिरा वाट पठारापर्यंत मोटारीने नेत असे. पहिल्याच दिवशी साडेतीन हजार मीटरच्या आसपास उतरवलं की अनेकांचं डोकं ठणकायला लागायचं. लेमोशो त्याऐवजी खालच्या रानातून पायी सुरू होते. त्या रानात हत्ती आणि रानरेडे फिरतात. पहिले दोन-तीन दिवस खरोखर निवांत. 'शांत वाट' म्हणून लेमोशोची जाहिरात इतकी झाली की आता तीही भरलेली असते.

जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. लेमोशो, शिरा आणि मचामे लाव्हा टॉवरच्या अलीकडे-पलीकडे एकत्र येतात आणि उंब्वे बारांकोला येऊन मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी बारांकोच्या कातळभिंतीवर हे सगळे एकाच वेळी चढतात. डोक्यावर गाठोडं, पाठीवर पिशवी घेतलेले पोर्टर बाजूच्या कपारीतून झपाझप पुढे जातात आणि बाकीचे कड्याला चिकटून त्यांना वाट देतात. नंतर सगळ्यांचा शेवटचा मुक्काम बराफूला, सुमारे ४,६७० मीटरवर. मध्यरात्री तिथून बॅटऱ्यांची जी रांग वर सरकते, तिच्यात मचामेवाला कोण आणि लेमोशोवाला कोण, काही फरक उरत नाही.

गर्दी टाळायची म्हणून कुणी उंब्वे सुचवली तर मी सरळ नाही म्हणेन. रिकामी आहे यात शंका नाही, पण का रिकामी आहे ते बघा. साधारण १,६०० मीटरवरून निघून दुसऱ्या रात्री माणूस बारांकोला पोचतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य दंडक इथे एका दिवसात धाब्यावर बसतो. तिथून पुढे वेस्टर्न ब्रीच या विवराच्या पश्चिम कडेतल्या खिंडाराने चढणं आणखी जोखमीचं. जानेवारी २००६ मध्ये तिथे दरड कोसळून तीन अमेरिकन गिर्यारोहक दगावले आणि ती बाजू काही काळ बंद ठेवावी लागली.

उत्तरेची कथा वेगळी. रोंगाई वाट केनियाच्या सीमेलगत नालेमुरूहून सुरू होते. पलीकडे केनियातलं लोइतोकितोक हे गाव. तिथे १९५० च्या दशकात आउटवर्ड बाउंड या साहसशिक्षण देणाऱ्या संस्थेची शाळा निघाली आणि तिची मुलं या बाजूने डोंगर चढायची. वरच्या 'स्कूल हट'चं नाव त्याच शाळेची आठवण आहे. १९७७ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियाचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. १९८३ मध्ये ती उघडली, पण तोवर धंदा मोशी आणि अरुशा या शहरांभोवती, म्हणजे दक्षिणेला, घट्ट बसला होता. तिथून नालेमुरूपर्यंत गाडीने डोंगराला वळसा घालावा लागतो. एवढं एक कारण कंपन्यांना रोंगाई मागे ठेवायला पुरतं. चढ सौम्य, पाऊस कमी, त्यामुळे ओल्या महिन्यांतही ही वाट त्यातल्या त्यात बरी. दाट रान मात्र फारसं नाही आणि उतरावं लागतं ते मरांगूनेच.

नॉर्दर्न सर्किट अलीकडची. लेमोशोने चढायचं, पण बाकीचे बारांकोकडे वळतात तिथे आपण मोइर हटकडे डावीकडे जायचं आणि किबो या डोंगराच्या मुख्य शिखराच्या उत्तर अंगाने पोफू, थर्ड केव्ह हे मुक्काम करत स्कूल हटला पोचायचं. एकूण सुमारे ९० किलोमीटर, आठ-नऊ दिवस. उत्तरेकडे खाली केनियातलं अंबोसेलीचं मैदान पसरलेलं दिसतं. चार हजार मीटरच्या आसपास लागोपाठ इतक्या रात्री निघत असल्याने शरीर छान सरावतं. खर्च सगळ्यात जास्त, हे ओघाने आलंच.

या शांततेची एक बाजू विचारात घ्यायला हवी. किबो हटहून आजारी माणसाला एकचाकी लोखंडी स्ट्रेचरवर बांधून, चौघांनी धरून, धडधडत खाली आणता येतं. वाट रुंद आहे आणि माणसं जवळ असतात. उत्तरेच्या मधल्या मुक्कामांवरून खाली येणं लांबचं आणि सावकाशीचं. शरीरातल्या ऑक्सिजनचं प्रमाण रोज मोजणारा, बाटलीतला ऑक्सिजन सोबत ठेवणारा गाईड तिथे जास्त महत्त्वाचा. पोर्टरच्या ओझ्याची मर्यादा २० किलो आहे आणि प्रवेशद्वारावर काट्याने वजन होतं. लांबच्या वाटेला शिधा जास्त लागतो, तेव्हा पोर्टर पुरेसे घेतलेत ना, हे निघण्यापूर्वीच बघावं.

तारखेनेही बराच फरक पडतो. जानेवारी ते मार्चचा मध्य आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे, म्हणून भरलेले महिने. नाताळ-नववर्ष आणि पौर्णिमेच्या रात्री तर माथ्यावरच्या पाटीसमोर फोटोसाठी रांग लागते. पौर्णिमा टाळून चार-पाच दिवस पुढे-मागे निघालं तर त्याच वाटेवर निम्मी माणसं असल्यासारखं वाटतं.

कंपनीशी बोलताना वाटेचं नाव विचारून भागत नाही. शेवटचा मुक्काम बराफूला आहे की स्कूल हटला, ते विचारा आणि मुक्कामांची यादी लिहून घ्या. 'लेमोशो, आठ दिवस' या एकाच मथळ्याखाली दोन्ही प्रकारचे बेत विकले जातात.