मागे पाटा वाढवला आणि स्टेअरिंग सैल झालं

मालगुंड सोडून जयगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आलं की दुपारचा खारा वारा थेट गाडीच्या डाव्या कुशीवर येतो. माझ्या मामेभावाने जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसचं फिरतं घर केलंय. आत पलंग, शेगडी, कपाटं आणि मागच्या टोकाला १५० लिटरची पाण्याची टाकी. पहिल्याच फेरीत सड्यावर त्याचे हात एक क्षण स्थिर राहिले नाहीत. सरळ रस्ता, पण स्टेअरिंग सारखं इकडून तिकडे. घरी पोचेपर्यंत त्याचे खांदे भरून आले होते.

उंच, सपाट कुशीची गाडी वाऱ्यात हलणारच. पण खरी गडबड पुढच्या चाकांच्या कोनात होती.

सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो तिरका असतो. तो ज्या तिरक्या रेघेभोवती वळतो ती जमिनीपर्यंत वाढवली तर चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक स्वतःच्या वळण्याच्या रेघेमागून ओढलं जातं, ट्रॉलरला दोरीने बांधलेली होडी मागोमाग रांगेत येते तसं. हात सोडूनही सायकल सरळ जायला बघते, त्याचं हे एक कारण. मोटारीतल्या या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ येतं, त्यात मोठा वाटा याचाच.

भावाच्या गाडीत झालं असं, की वजन वाढलं म्हणून त्याने मागे दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमध्ये एक-एक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवून घेतला. टाकी अर्धी भरलेली असतानाही मागची बाजू मूळ उंचीपेक्षा ७ सेंटीमीटर वर आली. दोन अ‍ॅक्सलमधलं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं, अंतर ३५० सेंटीमीटर. हिशोब केला तर सगळी चॅसी (गाडीचा सांगाडा) जवळजवळ १.१५ अंश पुढे झुकली, आणि कॅस्टर तेवढाच कमी झाला. मूळ ३ अंश धरले तर उरले १.८५. टायरची त्रिज्या ३५० मिलिमीटर असेल तर ती पुढे पडणारी रेघ १८ मिलिमीटरवरून ११ वर आली. होडीची दोरीच आखूड झाली म्हणा ना!

त्यात टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही एक मीटर मागे. विहिरीवरच्या लाटेला, म्हणजे पाणी काढायच्या लांब आडव्या दांड्याला, मागे दगड बांधला की पुढचं टोक हलकं होतं, तसंच इथे. टाकी पूर्ण भरली की पुढच्या चाकांवरचा भार ४३ किलोंनी घटतो.

आम्ही आधी गेलो त्या गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीचा फक्त टो लावून दिला होता. टो म्हणजे वरून पाहिलं तर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते. तो चुकला की टायर खाल्ले जातात. चाक पाव अंश जरी वाकडं असेल तरी दर किलोमीटरला ते ४ मीटरहून जास्त आडवं घासतं. मुंबई-रत्नागिरी ३४० किलोमीटर धरा, की झालं दीड किलोमीटर आडवं घासणं. टो महत्त्वाचा आहेच, पण हरवलेला कॅस्टर टो लावून परत येत नाही.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी चाकं उचलून हाताने हलवून पाहिली. किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) यांच्या टोकांत ढिलेपणा असेल तर कोन मोजणं फुकट आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर आहे. मग टायरमधली हवा तपासली. टाय रॉडचे नट खाऱ्या हवेने गंजून इतके धरले होते की रात्रभर डिझेल सोडून ठेवावं लागलं. सकाळी पुढचा पाटा आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडाची पाचर घालून यू-बोल्ट आवळले. पाचरीने अ‍ॅक्सल मागे कलतो, कॅस्टर परत येतो. स्टेअरिंग थोडं जड होतं, पण पाचर उगाच जाड घालायची नाही, नाहीतर खड्ड्यात चाकं थरथरायला लागतात. टो शेवटी, कारण कॅस्टर बदलला की टोही हलू शकतो.

पण टो लावायला घेण्याआधी ते थांबले.

"टाकी भरून आणा. गाडी काय रिकामी फिरवणार आहात?"

भावाने शेजारच्या नळाला पाइप लावला. टाकी भरली, सिलिंडर जागेवर ठेवला, आम्ही दोघं पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मग मिस्त्री पाना घेऊन खाली शिरले.