तक्त्याच्या पलीकडची हवा

यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गिअरवर चढत होतो. मित्र गाडी चालवत होता, लॅपटॉप माझ्या मांडीवर. टर्बो नवा, मोठा. स्क्रीनवर लोड १६० ओलांडून १७८ वर गेला, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मात्र १० अंशांवरच अडकून राहिलं. तेवढ्यात पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि मित्राने लगेच पाय उचलला.

लोड म्हणजे सिलिंडरमध्ये दर खेपेला शिरणाऱ्या हवेचं माप. प्रमाण दाब-तापमानाच्या हवेने सिलिंडर पुरता भरला, तर लोड १००. टर्बो हवा कोंबतो, म्हणून आकडा शंभरापुढे जातो. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. त्याच्या मेमरीत एका बाजूला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि दुसऱ्या बाजूला लोड असे तक्ते असतात. पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, ते त्यातल्या घरात लिहिलेलं असतं. दोन घरांमधला आकडा ईसीयू हिशेबाने काढतो. तक्ता जिथे संपतो तिथून पुढे मात्र तो शेवटचंच घर वाचत राहतो. हवा जितकी जास्त, तितकी ठिणगी उशिरा हवी. आमचा तक्ता १६० लाच संपत होता, त्यामुळे हवा १७८ ची होती आणि ठिणगी १६० च्या वेळेवर पडत होती. अशा वेळी न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक भडकतं. हाच नॉक. तो चालू राहिला तर पिस्टन फुटू शकतो.

बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या, काट्यावर विसंबून इथे भागत नाही. काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. साताऱ्यात बाहेरचा दाब साधारण ९२५ मिलिबार, तर १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात ८६० च्या आसपास. दोन्हीकडे काटा १ बारवर असला, तरी वर सिलिंडरला हवा कमीच मिळते. म्हणून तक्त्यात लोड हवा.

“मग वरचे आकडे बदलू की!” मित्र म्हणाला. बहुतेकांचा हात इथेच पोळतो. आमच्या तक्त्यात ३,००० आरपीएमच्या ओळीत १००, १२०, १४०, १६० या लोडखाली २२, १८, १४, १० अंश होते. नुसते मथळे खोडून १००, १४०, १८०, २०० केले, की १४० ला १४ ऐवजी १८ मिळतात. १६० ला तर १० ऐवजी १६, म्हणजे ठिणगी सहा अंश लवकर! जिथे इंजिन आजवर सुखात चालत होतं, तिथेही नॉक.

मथळा सरकला की खालचं मूल्यही नव्याने काढावं लागतं. १०० ला २२ आणि १४० ला १४ तसेच राहिले. १६० ला हिशेबाने १० च यावेत, म्हणून १८० ला ६ लिहिले. त्याच उताराने २०० ला २, पण हा फक्त अंदाज, चाचणीत तपासायचा. घरांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे पुढे वाढायचं तर मधलं काहीतरी गाळावं लागतं. आमच्या ओळीत आकडे सरळ रेषेत उतरत होते, म्हणून १२० गाळूनही काही बिघडलं नाही. रेषा जिथे वाकते तिथलं घर मात्र मी कधीच सोडत नाही.

कधी अडचण तक्त्यापेक्षा खोल असते. बॉशच्या एमई७ या जुन्या ईसीयूत ठिणगीच्या तक्त्यांसाठी लोड एका बाइटमध्ये साठवतात. बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात, एकेक पायरी ०.७५ टक्क्याची, म्हणजे कमाल १९१.२५ टक्के. दाबाचीही मर्यादा सुमारे २,५६० मिलिबार. ती ओलांडायला ट्यूनर (ईसीयूतले आकडे बदलणारे) दाबाचं मापच निम्मं करतात, म्हणजे साठवलेला १ आता २ समजायचा. मग दाब जिथे जिथे वापरलाय तो प्रत्येक तक्ता, प्रत्येक स्थिरांक शोधून निम्मा करावा लागतो. एक जरी सुटला, तरी तिथे ईसीयू दुप्पट दाब धरून चालतो. हे काम रात्र जागून, घाईत करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्या ओळी अशाच बसवून दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतेश्वर. ३,००० आरपीएमला लोड १७८, टायमिंग ६.४. नॉकचा रकाना घाटमाथ्यापर्यंत शून्यावर होता. २०० च्या घरापर्यंत आम्ही त्या दिवशी गेलोच नाही.