हातमोजा न ओळखणारा गायक: मायकेल नायमन यांच्या ऑपेराची पार्श्वभूमी

'द मॅन हू मिसटूक हिज वाइफ फॉर अ हॅट' (पत्नीला टोपी समजणारा माणूस) हा ब्रिटिश संगीतकार मायकेल नायमन यांचा एकांकी ऑपेरा २७ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. पात्रं तीनच: गायक आणि संगीतशिक्षक डॉ. पी. (बॅरिटोन, मध्यम पट्टीचा पुरुषी आवाज), त्यांच्या पत्नी (सोप्रानो, उंच स्त्रीस्वर) आणि न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, डॉ. एस. (टेनर, उंच पुरुषी आवाज). वादक सात: दोन व्हायोलिन, व्हिओला, दोन चेलो, हार्प आणि पियानो. संहिता ख्रिस्तोफर रॉलन्स यांची. आधार न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांच्या त्याच नावाच्या लेखाचा. तो १९८३ मध्ये 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये आला आणि १९८५ मध्ये पुस्तकात.

लेखातले डॉ. पी. संगीताच्या शाळेत शिकवायचे. समोर उभा असलेला विद्यार्थी त्यांना ओळखू येईना. तो बोलला की आवाजावरून लगेच ओळख पटायची. पुढे मधुमेह निघाला, तेव्हा त्याचा डोळ्यांवर परिणाम झाला असेल म्हणून ते नेत्रतज्ज्ञाकडे गेले. डोळे ठीक आहेत, बिघाड मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात आहे, असं तिथे कळलं आणि ते सॅक्स यांच्याकडे आले.

सॅक्स यांनी हातात हातमोजा दिला. डॉ. पी. म्हणाले, हा स्वतःत दुमडलेला सलग पृष्ठभाग आहे आणि त्याला पाच फुगवटे आहेत. वर्णन बिनचूक, पण वस्तू काय ते सांगता येईना. वेगवेगळ्या आकारांच्या नाण्यांची पिशवी असेल, असा अंदाज त्यांनी केला. गुलाबाचंही तेच. लाल गुंडाळी आणि हिरवा दांडा इथवर ते आले. वास घ्यायला सांगितला, तेव्हा गुलाब ओळखला. घन, द्वादशफलक अशा आकृत्या मात्र चटकन सांगत. आइनस्टाइन केसांवरून आणि मिशीवरून ओळखू आले, बहुतेक घरची माणसं आली नाहीत. त्याआधी, पहिल्याच भेटीत, तपासणी संपली असं समजून ते टोपी घ्यायला गेले आणि त्यांनी पत्नीचं डोकं धरलं.

या विकाराचा अभ्यास तेव्हा शंभर वर्षांचा होता. १८८० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान मुंक यांनी कुत्र्यांच्या मेंदूचा मागचा काही भाग काढून पाहिला. कुत्रे अडथळे चुकवत चालायचे, पण पुढ्यातलं अन्न त्यांना ओळखू येत नसे. १८९० मध्ये हाइनरिख लिसावर यांनी माणसांतल्या अशा बिघाडाचे दोन प्रकार मांडले: एकात दिसलेले तुकडे जुळून आकारच तयार होत नाही, दुसऱ्यात आकार तयार होतो पण त्याचा अर्थ लागत नाही. 'अ‍ॅग्नोझिया' (दिसूनही न ओळखता येणं) हा शब्द पुढच्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनी वापरला. डॉ. पी. कोणत्याही एका कप्प्यात नीट बसत नाहीत. आकृती कळायची, चेहरा किंवा अख्खं दृश्य जुळायचं नाही.

ऑपेराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घरच्या भेटीत समोर आली. डॉ. पी. कपडे घालताना, अंघोळीला, जेवताना सतत गुणगुणत; प्रत्येक कामाचं गाणं वेगळं. ते गात खात होते आणि दारावर जोरात थाप पडली. गाणं तुटलं, आणि समोरचं टेबल त्यांच्यासाठी टेबल राहिलंच नाही; ते तसेच थिजून बसले. पत्नीने कॉफी ओतली, तिचा वास आला, तेव्हा गाणं आणि खाणं पुन्हा सुरू झालं. एरवी ऑपेरात माणसं गात का बोलतात, याचं उत्तर संकेतापलीकडे नसतं. इथे ते रोगाच्या स्वरूपातच आहे. म्हणूनच ही कथा गद्य नाटकापेक्षा ऑपेरातच जास्त खरी उतरते, असं आम्हाला वाटतं.

नायमन यांना जुन्या संगीतकारांच्या साहित्यातून नवं उभं करण्याची सवय होतीच. १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी त्यांनी सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार पर्सेलचं संगीत वापरलं होतं. इथे जर्मन संगीतकार शूमान कथेतच होता. डॉ. पी. यांना आता स्वरलिपी वाचता येत नव्हती, तरी 'डिख्टरलीब' ही शूमानची १८४० ची गीतमाला त्यांनी सॅक्स यांच्या पियानोच्या साथीवर उत्तम गायली. तिच्यातलं सातवं गीत 'इख ग्रोले निख्त' ऑपेरात गायलं जातं. त्याची पियानोची साथ म्हणजे एकसारख्या ठोक्याने येणारे सलग कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), आणि नायमन यांच्या स्वतःच्या शैलीचा कणाही तोच: ठाम लय, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. त्यामुळे हे गीत वरून चिकटवलेलं वाटत नाही.

भिंतीवरच्या चित्रांचा प्रसंगही लेखातलाच. डॉ. पी. यांची जुनी चित्रं हुबेहूब, नंतरची अमूर्त, शेवटची नुसते फराटे. डॉक्टरला त्यात रोगाची वाढ दिसते, पत्नीला कलेचा विकास. आणि ती डॉक्टरला अरसिक ठरवते. दिग्दर्शकाने इथे डॉक्टरची बाजू घेतली, तर पत्नी भाबडी ठरते आणि प्रसंग कोसळतो. सॅक्स यांनी लेखात दोन्ही बाजूंना जागा दिली आहे.

निदान ऑपेरात पक्कं होत नाही. लेखात कारण म्हणून मोठी गाठ किंवा झीज एवढंच आहे. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणाऱ्या झिजेचं वर्णन फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये केलं. आज तिला पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रफी म्हणतात, आणि डॉ. पी. यांची लक्षणं तिच्याशी बरीच जुळतात. सॅक्स यांनी औषध दिलं नाही. संगीत तुमच्या आयुष्याचा गाभा होता, आता तेच संपूर्ण आयुष्य होऊ द्या, असा सल्ला त्यांनी दिला. डॉ. पी. शेवटपर्यंत शिकवत राहिले.